सहाशे तेरा पट्ट्या

लायनल पेग यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस चोरी करतोय.

१९७७ चा सप्टेंबर होता. मार्टनफोर्डच्या शाळेत गणित शिकवायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत गाडीत राहिलेला वह्यांचा गठ्ठा आणायला मी मागच्या आवारात गेले, तर संगीताच्या मास्तरांच्या हिरव्या, बिनछपराच्या गाडीचं बॉनेट वर होतं आणि तपकिरी डगला घातलेला एक माणूस कमरेपर्यंत आत वाकला होता. जमिनीवर एक फडकं पसरलेलं होतं आणि त्यावर चार स्क्रू ओळीने मांडलेले होते. चोर इतका व्यवस्थित असेल असं वाटेना. तरी मी विचारलं, ही गाडी संगीताच्या मास्तरांची ना?

"त्यांचीच," तो माणूस मान वर न करता म्हणाला. "दोन वाजेपर्यंत ते मुलांना गायला लावतात. तोवर होतं माझं."

मग त्याने मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "त्यांना सांगू नका, बाई. चांगलंच करतोय."

चोर असं म्हणणार नाही, एवढं मला कळत होतं. पण चांगलं करणारी माणसंही सहसा असं म्हणत नाहीत. वरच्या खिडकीतून गाण्याचा आवाज येत होता. त्याने चार स्क्रू घट्ट केले, फडकं घडी करून खिशात घातलं आणि दोन्ही तळव्यांनी बॉनेट असं अलगद मिटलं की जणू आत कुणी नुकतंच झोपलंय. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्या आवारात माझी पहिली ओळख झाली ती अशी, एका गुपितात सामील होऊन.

पेग आमच्या शाळेचे केअरटेकर होते. बॉयलर पेटवणं, दारं-खिडक्या दुरुस्त करणं, पोरांनी बाकांवर कोरलेली नावं घासून काढणं ही त्यांची कामं. ठेंगणे, मोठ्या कानांचे, डाव्या कानावर पेन्सिल. बारा वाजून दहा मिनिटांनी ते बॉयलरच्या खोलीत बसून चीज आणि मुरवलेल्या कांद्याचं सँडविच खात. त्याच वेळी मी गेले तर मला चहा मिळे, पण सँडविच कधी विचारलं नाही. पुढे एकदा म्हणाले, बेरिलने ते एकाच माणसाच्या मापाने केलेलं असतं, त्यात वाटा दिला तर तिचा हिशेब चुकतो. बेरिल म्हणजे त्यांची बायको.

शाळेत येण्याआधी ते हॅरोबीच्या कारखान्यात फिटर होते. मार्टनफोर्डमध्ये त्या काळी प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी हॅरोबीत असे. दोन माणसांच्या, बुटक्या, लांब नाकाच्या त्या गाड्या. जग त्यांच्यावर जीव टाकायचं आणि गावातल्या कुणाला त्या परवडायच्या नाहीत. १९७३ साली कारखाना बंद पडला. त्यानंतर गावाला अचानक आपण किती सुंदर गाड्या करत होतो हे आठवायला लागलं. चालू असताना सगळे दर शुक्रवारी, पगाराच्या दिवशी, त्याला शिव्या घालत.

संगीताच्या मास्तरांच्या गाडीत ते काय करत होते हे कळायला मला दोन वर्षं लागली. पेग यांची सांगायची पद्धत त्यांच्या कामासारखी होती. गंजलेला स्क्रू ते कधी जोर लावून काढत नसत. त्यावर रॉकेल सोडायचं आणि आठवडाभर त्याला विसरून जायचं, मग तो आपणहून फिरतो, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, त्यांनी मलाही दोन वर्षं रॉकेलमध्येच ठेवलं होतं. मग एका फेब्रुवारीत, बॉयलर बंद पडलेला असताना, सगळं एकदम सांगून टाकलं.

१९६२ साली हॅरोबीने नवी गाडी काढली. पुढच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आतल्या बाजूला विजेच्या तारांचा जुडगा जातो. तो धरून ठेवायला पत्र्याची एक पट्टी असते, वीतभर लांब, पन्हळीसारखी वळवलेली. ती पट्टी बसवायचं काम एकवीस वर्षांच्या लायनल पेगकडे होतं. पन्हळीचं तोंड खाली ठेवून बसवायची, म्हणजे चाकाने उडवलेलं पाणी तिच्यात साठत नाही. पण पेग डावखुरे. ते उजव्या हाताने पट्टी धरत आणि डाव्या हाताने स्क्रू पिळत. त्या बाजूने उभं राहिलं की पट्टी तोंड वर करूनच हातात नीट बसे. सोयीची वाटली, म्हणून तीच बरोबर असणार असं त्यांनी धरलं. पट्टी कशी बसवायची त्याचा नकाशा भिंतीवर होता. तो त्यांनी पहिल्या दिवशी पाहिला होता, आणि तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

अकरा महिने हे चाललं. मग एक दिवस तपासनीस त्यांच्याजवळ आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पेग, उद्यापासून ती पट्टी दुसऱ्या बाजूने बसव." का, ते त्यांनी सांगितलं नाही. पेगना त्याच क्षणी समजलं. तपासनिसांनी वरिष्ठांना काही कळवलं नाही, कारण पट्टी जशी पेगने उलटी बसवली होती तशीच ती त्यांनी तपासून पासही केली होती. दोघांचीही चूक सहाशे तेरा गाड्यांची होती. गाड्या तोवर देशभर, आणि काही समुद्रापार गेल्या होत्या.

"प्रत्येकीत पाणी साठतंय," पेग म्हणाले. "पाऊस पडला की मला झोप लागत नाही, बाई." आणि ते इंग्लंडमध्ये राहत होते.

त्यामुळे पेगनी एक व्रत घेतलं होतं. कुठेही १९६२ ची हॅरोबी दिसली की ती सुलटी करायची. मालक भेटला तर ते म्हणत, जरा आवाज येतोय, बघू का, पैसे नकोत. मालक नसला तर त्याच्या येण्याची वाट पाहत नसत. बाजाराच्या दिवशी, चर्चच्या बाहेर, एकदा तर एका अंत्ययात्रेच्या वेळी त्यांनी पट्टी फिरवली आहे. चार स्क्रू, सात मिनिटं. सुलट्या केलेल्या गाड्यांचे नंबर लिहायला त्यांनी माझ्याकडून चौकटीची एक वही मागून घेतली. बेरिलला वाटे, नवऱ्याला गाड्यांचं वेड आहे. पट्टीची गोष्ट तिला ठाऊक होती, पण इतकी वर्षं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय आहे ते तिला कळत नव्हतं.

बेरिलही हॅरोबीतलीच. गाद्या शिवायच्या विभागात ती अकरा वर्षं होती. १९७५ साली पेगनी भंगारवाल्याकडून चारशे दोन नंबरची हॅरोबी आणली तेव्हा बेरिल आधी नाक मुरडून बाहेर आली. दारात उभं राहून तिने ते लोखंड परत कधी नेणार ते विचारलं. मग ती वाकली, फाटक्या गादीची शिवण बोटाने चाचपली आणि म्हणाली, "हा टाका माझा आहे." शेवटच्या टाक्याला ती दोनदा मागे जायची, बाकीच्या बायका एकदाच. त्यानंतर गाडी परत न्यायची भाषा झाली नाही.

त्या गाडीचं काम वीस वर्षं चाललं. शेडच्या फळीवर बिस्किटांचे डबे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: दाराचे स्क्रू, दिव्याचे स्क्रू, कुठले आहेत ते न कळलेले स्क्रू. मडगार्डचा आतला पत्रा पट्टीच्या बरोबर खाली गंजून गळून गेला होता. पेगनी ते भोक मला दाखवलं. मास्तरांनी मुलाला त्याच्याच पेपरातली चूक दाखवावी तसं ते स्वतःला ती जागा दाखवत होते. त्यांनी नवा पत्रा ठोकून जोडला आणि रंगवला. मग वापरलेल्या तेलाचं फडकं त्यावर फिरवून तो गाडीइतकाच जुना दिसेल असा केला. नवं काम नवं दिसलं तर त्यांना शरम वाटत असे. आणि पट्टी अर्थात सुलटी बसवली.

१९९४ साली हॅरोबी क्लबचं पुस्तक आलं.

क्लबचे अध्यक्ष ऑब्री प्रॉथरो हे दक्षिणेकडचे निवृत्त दंतवैद्य होते. सभ्य, कष्टाळू माणूस. गाडीची तपासणी ते दातांच्या छोट्या आरशाने करत. मूळ हॅरोबी कशी होती, कुठला स्क्रू कुठल्या रंगाचा, याचं तीनशे पानांचं पुस्तक त्यांनी बारा वर्षं खपून लिहिलं होतं. त्यात १९६२ च्या पहिल्या गाड्यांना 'पहिली मालिका' असं नाव दिलं होतं. ती ओळखायची खूण म्हणजे तोंड वर केलेली पट्टी. ही पट्टी का वर केली असेल याची चर्चा चार पानं होती. शर्यतींचा अनुभव असलेल्या कुणा कुशाग्र अभियंत्याने चाकाकडून येणारा वारा त्या पन्हळीत घ्यायचा आणि तारा थंड ठेवायच्या अशी योजना केली होती, असा निष्कर्ष होता. सोबत बाणांची आकृती होती. आणि शेवटी तळटीप: मिडलँड्समधल्या, म्हणजे आमच्याच भागातल्या, कुणा अडाणी मिस्त्रीने पुढे कित्येक गाड्यांतली ही पट्टी फिरवून त्यांचं मूळ रूप बिघडवलं आहे. मालकांनी ती ताबडतोब पूर्ववत करून घ्यावी.

पुस्तक मीच वाचनालयातून आणलं होतं. पेगनी बॉयलरच्या खोलीत ती पाच पानं वाचली. चष्मा काढला, पुसला, डब्यात ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "मी दोनदा पुस्तकात आलो. एकदा कुशाग्र, एकदा अडाणी. नाव एकदाही नाही."

तोपर्यंत त्यांच्या वहीत एकशे एकाहत्तर नंबर झाले होते. पुढच्या पाच-सहा वर्षांत मालकांनी त्यातल्या बहुतेक पट्ट्या पुन्हा उलट्या करून घेतल्या. आता तर कुणी रस्त्यात बॉनेटला हातही लावू देईना. पेगनी वही मला परत केली. मागची अर्धी कोरी आहे, मुलांना कामाला येईल, म्हणाले.

दोन हजार एक साली ते निवृत्त झाले, नंतर सहा वर्षांनी मीही. आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. गुरुवारी मी त्यांच्याकडे चहाला जाई. चारशे दोन नंबर कधी बाहेर निघे, कधी नुसती सुरू करून बंद केली जाई. त्यांच्या आयुष्यात आता कुणाकडे काही मागायचं उरलं नाही असं मला वाटत होतं. २०२२ ची पत्रिका येईपर्यंत.

१९६२ च्या हॅरोबीला साठ वर्षं होणार म्हणून क्लबने जूनमध्ये मार्टनफोर्डला मेळावा ठरवला होता. कारखान्याच्या जागी आता सुपरमार्केट आहे, पण विटांची मोठी कमान तशीच ठेवली आहे. 'पहिल्या मालिके'तल्या, क्लबचं प्रमाणपत्र असलेल्या गाड्या त्या कमानीतून आत जाणार होत्या. बाकीच्यांनी शाळेमागच्या कुरणात उभं राहायचं होतं.

पत्रिका बेरिलने वाचली. तिला तेव्हा ऐंशी पूर्ण झाली होती, गुडघे गेले होते. ती मला म्हणाली, "अकरा वर्षं मी बाजूच्या दाराने आत गेले आणि बाजूच्या दाराने बाहेर आले. मोठं दार साहेबांना आणि तयार गाड्यांना. माझ्या गाद्या रोज त्या दाराने बाहेर जायच्या. मला एकदा त्या गादीवर बसून आत जायचंय."

बेरिलने लग्नानंतर स्वतःसाठी मागितलेली ही मला माहीत असलेली दुसरी गोष्ट. पहिली शिवणयंत्र होती, आणि तेही तिने लायनलच्या पँटी दुरुस्त करण्यात वापरलं.

एप्रिलमध्ये प्रॉथरो तपासणीला आले. तेही आता ऐंशीच्या घरात होते, पण आरसा तोच. तीन तास त्यांनी शेडमध्ये घालवले. गाद्यांपाशी आल्यावर ते म्हणाले की असं काम आता कुणाला जमत नाही. बेरिलने दारातूनच सांगितलं की तेव्हाही सगळ्यांना जमत नव्हतं. शंभरपैकी सत्त्याण्णव गुण त्यांनी दिले. मग मडगार्डच्या आत आरसा घातला आणि बराच वेळ काढला नाही. बाहेर आले ते दाढ काढावी लागेल हे सांगतानाचा चेहरा घेऊन. पट्टी नंतर कुणीतरी फिरवलेली आहे. प्रमाणपत्र देता येणार नाही. पूर्ववत केली तर ते दोन आठवड्यांनी पुन्हा येतील.

पेग म्हणाले, त्यांना क्लबच्या सभेत बोलायचंय.

मीच पेग आणि बेरिलला माझ्या गाडीतून नेलं. गावातल्या पबच्या मागच्या खोलीत वीसेक माणसं होती, बहुतेकांच्या कोटावर गाडीची पिन. पेग उभे राहिले. साठ वर्षं जे माझ्याखेरीज आणि बेरिलखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी चार मिनिटांत सांगितलं. उजव्या हाताने पट्टी कशी धरायचे, डाव्याने स्क्रू कसा पिळायचे ते हवेत करून दाखवलं. खोलीत कुणी हसलं नाही. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

प्रॉथरो म्हणाले, "मिस्टर पेग, तुमच्या आठवणींबद्दल मला अतिशय आदर आहे."

या देशात अतिशय आदर म्हटलं की पुढचं वाक्य ऐकायची गरज नसते. तरी ते बोलले. त्यांचा मुद्दा तर्काला धरून होता. माणसाच्या हातून चूक एकदा होईल, दहादा होईल. सहाशे तेरा गाड्यांत एकसारखी होणार नाही. एकसारखी असते ती योजना.

"मी एकसारखं काम करायचो, साहेब," पेग म्हणाले.

आता मात्र सगळे हसले, आणि हसण्यात प्रेम होतं, हे आणखी वाईट. मग प्रॉथरोंनी विचारलं, त्या तपासनिसांचं नाव सांगता येईल का, कारखान्याच्या कागदांत शोधता येईल. पेगना ते नाव अर्थातच माहीत होतं. तपासनीस जाऊन तीस वर्षं झाली होती, पण त्यांची मुलगी आमच्या गावात केकचं दुकान चालवते आणि वडिलांचा फोटो गल्ल्यामागे लावून ठेवते. पेग म्हणाले, "आता आठवत नाही." आणि बसले. सगळ्या भाषणात हे एकच वाक्य खोटं होतं, आणि त्या खोलीत विश्वास बसला तो फक्त त्याच्यावर.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी गेले तेव्हा बेरिल स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती आणि पेग तिच्यासमोर बसून काहीच करत नव्हते. विषय माझ्या येण्याआधीच सुरू झालेला होता.

"तेव्हा मी नकळत केलं," पेग म्हणाले. "आता जाणूनबुजून करू? पाणी साठणार ते साठणारच."

"गाडी वर्षातून चारदा बाहेर निघते. ऊन असेल तरच."

"प्रश्न पावसाचा नाही, बेरिल."

"मग कशाचा?"

बेरिलने सुरी खाली ठेवली.

"लायनल, दुनियेसाठी तू ती चूक सहाशे तेरा वेळा केलीस. कुणी मागितली नव्हती. सहाशे चौदावी माझ्यासाठी कर. मी मागतेय."

एवढं बोलून तिने पुढचा बटाटा घेतला. पेग थोडा वेळ तिच्या हातांकडे पाहत बसले. मग उठले आणि शेडमध्ये गेले. आम्ही दोघींनी चहा घेतला. शेडमधून प्रथम काहीच ऐकू आलं नाही, मग स्क्रू फिरल्याचा आवाज, आणि मग बराच वेळ ड्रिलचा. चार स्क्रू काढायला ड्रिल कशाला, मला कळेना. बेरिल म्हणाली, "त्याला विचारू नकोस. काहीतरी चांगलं करत असणार."

नंतर त्यांनी मला दाखवलं. पट्टी उलटी बसवली होती, तोंड वर, अगदी १९६२ सारखी. आणि पन्हळीच्या तळाशी मधोमध, तीन मिलिमीटरचं एक भोक पाडलं होतं. त्यांनी बाटलीतून पाणी ओतलं. पाणी भोकातून खाली, जमिनीवर, सरळ निघून गेलं. त्यांनी ते दोनदा करून पाहिलं. भोकाच्या कडा घासल्या होत्या, रंग दिला होता आणि सवयीने तेलाचं फडकंही फिरवलं होतं. भोक साठ वर्षांचं दिसत होतं.

दोन आठवड्यांनी प्रॉथरो आले. पट्टी पाहून समाधानाने मान हलवली. मग आरसा आत थांबला. पेगच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. मला वाटलं, गेलं सगळं. बेरिल कोट घालूनच उभी होती, जणू कमान शेडच्या बाहेरच आहे.

"पट्टीत भोक आहे," प्रॉथरो म्हणाले.

"ते मी पाडलंय, साहेब," पेग म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी. पाणी जायला."

बेरिलने डोळे मिटले. आठ शब्दांत नवऱ्याने तिची कमान पाडली होती, आणि खोटं बोल असं तिनेही त्यांना सांगितलं नसतं.

प्रॉथरो गुडघ्यांवरून हळूहळू उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मला ओळखीचं हसू दिसलं. वर्गात हुशार, पण थापा मारणाऱ्या मुलाला मी देत असे तसं.

"मिस्टर पेग, पट्टी तुम्हीच उलटी बसवलीत. तुम्हीच सुलटी केलीत. आता भोकही तुम्हीच पाडलंत. या गाडीत दुसऱ्या कुणी काही केलंय की नाही?" मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "जुन्या कामगारांचं असं होतं. गाडीवर इतका जीव असतो की सगळं आपणच केलं असं वाटायला लागतं." त्यांनी भोकाचे फोटो घेतले, वेगवेगळ्या बाजूंनी अकरा. पन्नासेक गाड्या तपासल्या होत्या, म्हणाले, सगळ्यांची मूळ पट्टी बदललेली, त्यामुळे हे भोक आजवर दिसलंच नाही. आता अभियंत्याची योजना पुरती उलगडते: वारा आत, पाणी बाहेर. प्रमाणपत्रावर त्यांनी तिथेच, मडगार्डवर वही टेकवून सही केली. पेग पुन्हा काहीतरी बोलणार होते, पण बेरिलने त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

जूनमधल्या एका शनिवारी सात हॅरोबी कमानीतून आत गेल्या. ऊन होतं. मी ट्रॉल्यांच्या रांगेपाशी उभी होते. चारशे दोन नंबर चौथी होती. पेगनी टाय लावला होता. बेरिलने डोक्याला निळा रुमाल बांधला होता आणि ती लोकांकडे पाहत नव्हती, कमानीकडेही फारसं नाही. तिचा डावा हात मांडीशेजारी गादीच्या शिवणीवर होता आणि अंगठा त्या दुहेरी टाक्यावर फिरत होता. कमानीखालून जायला गाडीला चार सेकंद लागली असतील. आत बँड वाजला, कुणी भाषण केलं, त्यात कुशाग्र अभियंत्याचा उल्लेख झाला आणि पेगनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. पाव घेऊन ट्रक आला म्हणून अर्ध्या तासात गाड्या हलवायला सांगितल्या. सुपरमार्केटने तिथे एकेरी वाहतूक केलेली आहे. आत जायचं कमानीतून, बाहेर पडायचं बाजूच्या दाराने. तेच दार. बेरिल इतकी हसली की पेगना गाडी थांबवावी लागली.

पुस्तकाची नवी आवृत्ती दोन वर्षांनी आली. पान एकशे बारावर चारशे दोन नंबरच्या पट्टीचा फोटो आहे, भोकाभोवती पांढरं वर्तुळ. पहिल्या मालिकेतल्या गाडीला हे भोक नसेल तर आता प्रमाणपत्र मिळत नाही. ते कारखान्याच्या पद्धतीने पाडून देणारा कारागीर म्हणून क्लब एकाच माणसाचं नाव सुचवतो, आणि ते नाव पुस्तकात छापलं आहे, पत्त्यासह. पेगनी ते पान पाहिलं आणि विचारलं, तळटीप काढली का. काढलेली नाही.

लोक लांबून येतात, एकदा तर हॉलंडहून आले. पेग पट्टी काढतात, भोक पाडतात, पुन्हा उलटी बसवतात, बाटलीतून पाणी ओतून पाहतात. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगतात की ही पट्टी मुळात चुकून बसली होती, आणि चूक माझी. लोक मान डोलावतात आणि बेरिलच्या हातचा चहा पितात. चौकटीची वही माझ्याकडून त्यांनी परत नेली आहे. मागची अर्धी कोरीच होती.

पेग आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा शेड उघडी असते, आणि गेल्या मंगळवारपर्यंत अठ्ठावन्न गाड्या झाल्या.